कलिंगडाचे खुंटावरील कलम : केम परिसराच्या संदर्भात एक आढावा

कलिंगडाच्या कोवळ्या रोपाचा शेंडा दुधी भोपळा, तांबडा भोपळा किंवा त्याच कुळातील दुसऱ्या एखाद्या वेलाच्या मुळांवर बसवून जे रोप तयार होते, त्यास कलमी रोप म्हणतात. ज्याची मुळे वापरली जातात तो खुंट आणि ज्याचा शेंडा वापरला जातो ती कलमकाडी होय. सोलापूर जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदारांच्या रोजच्या बोलण्यात हे दोन्ही शब्द आहेत. पण सत्तर-पंच्याहत्तर दिवसांत संपणाऱ्या वेलवर्गीय पिकात कलमाचा खटाटोप कशासाठी करावा, असा प्रश्न त्याच जिल्ह्यातील कलिंगड उत्पादक विचारतात आणि तो रास्त आहे. जपान आणि कोरियात बहुतांश कलिंगड आज कलमी रोपांवर येते, स्पेनच्या भूमध्य सागरी किनाऱ्यावर तर साधे रोप लावणारा शेतकरी क्वचितच आढळतो. महाराष्ट्रात मात्र कलिंगडाची जवळजवळ सारी लागवड स्वतःच्याच मुळांवर होते. या तफावतीमागे केवळ तंत्रज्ञान उशिरा पोहोचले एवढेच कारण नाही. कलम हा विशिष्ट जमिनीच्या विशिष्ट आजारावरचा उपाय आहे आणि तो आजार नसेल तेथे त्याचा खर्च निघणे कठीण आहे, हे लक्षात घेऊनच करमाळा तालुक्यातील केमसारख्या गावाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करावा लागतो.

केम हे कुंकवाच्या उद्योगासाठी महाराष्ट्रभर ओळखले जाणारे, दौंड-सोलापूर लोहमार्गावरील गाव. परिसर पर्जन्यछायेतला, वार्षिक पाऊस साधारण ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यानंतर तालुक्याच्या पश्चिम भागात, म्हणजे जलाशयाच्या काठच्या गावांत, ऊस आणि केळी वाढली. जलाशयापासून दूर असलेल्या भागातील शेती मात्र विहिरी, कूपनलिका आणि शेततळी यांवर उभी राहिली. अशा मोजक्या पाण्यात कमी मुदतीचे, ठिबक आणि मल्चिंग पेपरवर येणारे, उन्हाळ्यात व रमजानच्या महिन्यात रोख पैसा देणारे कलिंगड आकर्षक ठरले, यात नवल नाही.

या पिकाचा जुना मुक्काम मात्र वेगळा होता. महाराष्ट्रात कलिंगड पूर्वी मुख्यतः नदीपात्रात होत असे. पावसाळा ओसरल्यावर उघड्या पडलेल्या वाळूत खड्डे घेऊन, शेणखत भरून वेल लावले जात आणि पुढच्या पुरात ती वाळू हलून नवा गाळ बसे. जमिनीतून पसरणाऱ्या रोगांना अशा पात्रात वर्षानुवर्षे ठाण मांडता येत नसे, कारण नदीच दरसाल जमीन बदलून देत असे. पीक शेतात आले, ठिबकवर बाराही महिने घेता येऊ लागले, एकाच बेडवर त्याच पेपरवर कलिंगडानंतर खरबूज, त्यानंतर काकडी किंवा टोमॅटो अशी साखळी सुरू झाली, तेव्हा ही नैसर्गिक फेरपालट संपली. कलमाच्या तंत्राची गरज निर्माण होते ती नेमकी या वळणावर, आणि जगात जेथे जेथे ते रुजले तेथे थोड्याफार फरकाने हेच घडले आहे.

भोपळवर्गीय वेल एकमेकांना जोडण्याची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील फान शेंगझी या चिनी कृषिलेखकाच्या ग्रंथात दुधी भोपळ्याचे अनेक वेल एकत्र बांधून, ते जुळल्यावर एकच शेंडा राखून मोठे फळ मिळवण्याची रीत सांगितली आहे. रोगाविरुद्ध कलमाचा वापर मात्र विसाव्या शतकातला. जपानमध्ये १९२० च्या दशकाच्या अखेरीस कलिंगड भोपळ्याच्या खुंटावर बांधण्याचा प्रयोग झाला आणि लवकरच भोपळ्याऐवजी दुधीचा खुंट पसंत केला जाऊ लागला. कारण होते मर रोगाचे. फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम ही जमिनीतील बुरशी मुळांवाटे आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या बंद पाडते. वेल दुपारी मलूल दिसतो, संध्याकाळी सावरतो आणि फळ पोसण्याच्या ऐन वेळी एका बाजूने वाळू लागतो. शेतकरी त्याला ‘प्लॉट बसला’ असे म्हणतात. या बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू पीक नसतानाही जमिनीत अनेक वर्षे टिकतात, त्यामुळे दोन-तीन वर्षांची फेरपालट तिला पुरत नाही.

येथे कलमाचे तत्त्व नीट समजून घेणे आवश्यक आहे. फ्युझेरियम ऑक्सिस्पोरमचे अनेक उपप्रकार असून प्रत्येक उपप्रकार बहुधा एका पिकाशी किंवा जवळच्या काही पिकांशी बांधलेला असतो. कलिंगडाला मारणारा ‘निव्हियम’ हा उपप्रकार दुधीच्या किंवा भोपळ्याच्या मुळांना रोग करीत नाही. म्हणून शेंडा कलिंगडाचा आणि मूळ दुधीचे, अशी रचना केली की जमिनीत बुरशी असूनही तिला दार सापडत नाही. हा बचाव औषधाचा नव्हे, जातिभेदाचा आहे आणि म्हणूनच तो टिकाऊ वाटतो. पण त्याला मर्यादा आहे. दुधीचा स्वतःचा असा ‘लॅजिनेरी’ नावाचा फ्युझेरियम उपप्रकार आहे आणि जपानमध्ये दुधीचे खुंट वर्षानुवर्षे वापरल्यावर काही भागांत तोच डोके वर काढू लागला. मग तांबड्या भोपळ्याच्या दोन जातींचा, कुकुर्बिटा मॅक्सिमा आणि कुकुर्बिटा मोस्काटा यांचा, संकरित खुंट पुढे आला. आज जगात कलिंगडासाठी मुख्यतः हेच दोन खुंट चालतात : दुधी आणि भोपळ्याचा आंतरजातीय संकर. कोहळ्याचा खुंटही काही ठिकाणी वापरला जातो, पण त्याचा प्रसार मर्यादित आहे.

भूमध्य सागरी देशांत या तंत्राला दुसरे एक मोठे कारण मिळाले. तेथे जमीन निर्जंतुक करण्यासाठी मिथाइल ब्रोमाइड हा वायू सर्रास वापरला जाई. ओझोन थराला घातक म्हणून माँट्रियल करारानुसार विकसित देशांनी २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत त्याचा शेतीतील सर्वसाधारण वापर थांबवायचे ठरले. स्पेन, इटली, इस्रायल, तुर्कस्तान येथील उत्पादकांना पर्याय हवा होता आणि कलमी रोपांच्या मोठ्या रोपवाटिका त्यातून उभ्या राहिल्या. केमच्या शेतकऱ्याने असा वायू कधी वापरलाच नाही. त्यामुळे त्याच्यापुढे एक महागडी पद्धत सोडून दुसरी घेण्याचा प्रश्न नसून, जे साधे रोप स्वस्तात मिळते त्याच्या जागी महाग रोप घेण्याचा प्रश्न आहे. परदेशातील यशाचे आकडे येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत, याचे हे पहिले कारण.

उत्पादन वाढते का, या प्रश्नाचे उत्तर जमिनीनुसार बदलते. रोगट जमिनीत कलमी आणि साध्या रोपांतील अंतर प्रचंड दिसते, कारण साधा वेल मरतो आणि कलमी वेल जगतो. तेथे तुलना पिकाची पिकाशी नसून पिकाची रिकाम्या बेडशी होते. निरोगी जमिनीतही भोपळ्याच्या खुंटावरील वेल बहुधा अधिक जोमदार होतो. त्याची मुळे खोल आणि पसरट असतात, पाणी आणि अन्नद्रव्ये अधिक उचलतात, मुळांत तयार होणारी सायटोकायनिन ही वाढ उत्तेजित करणारी द्रव्येही शेंड्याकडे अधिक जातात. त्यातून फळाचे सरासरी वजन वाढते आणि वेल अधिक काळ हिरवा राहतो. पण निरोगी जमिनीतील ही वाढ कधी लक्षणीय, कधी नगण्य असते आणि खुंट व वाण यांची जोडी जमली नाही तर घटही होते. त्यामुळे ‘कलमाने उत्पादन वाढते’ हे सरसकट विधान करणाऱ्या जाहिरातीकडे शेतकऱ्याने सावधपणे पाहिले पाहिजे.

सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने क्षार आणि पाणी यांचा मुद्दा यापेक्षा महत्त्वाचा ठरतो. भारी काळ्या जमिनी, निचऱ्याची उणीव आणि कूपनलिकांचे खारवट पाणी यांमुळे जिल्ह्यातील अनेक शिवारांत सोडियमचे प्रमाण वाढले आहे. भोपळ्याच्या संकरित खुंटांची मुळे सोडियमला बऱ्याच अंशी खालीच अडवतात आणि पानांपर्यंत पोहोचू देत नाहीत, हे गुणधर्म अनेक प्रयोगांत दिसले आहेत. शिवाय हा खुंट थंड जमिनीतही वाढतो. डिसेंबर-जानेवारीत लावलेले साधे कलिंगड करमाळ्याच्या थंड रात्रींत आठवडे-दोन आठवडे जागच्या जागी थांबते. लवकर बाजार गाठण्यासाठी याच काळात लागण करणाऱ्यास भोपळ्याच्या मुळांचा फायदा मिळू शकतो.

मात्र केम परिसरातील शेतकऱ्याला बुरशीपेक्षा अधिक सतावणारा शत्रू बऱ्याचदा दुसराच असतो. सूत्रकृमी, म्हणजे मुळांवर गाठी करणारे सूक्ष्म कृमी, टोमॅटो, वांगी, डाळिंब आणि सर्व वेलवर्गीय पिकांवर जगतात आणि ठिबकखालच्या सततच्या ओलाव्यात झपाट्याने वाढतात. दुधी आणि भोपळ्याचा संकर हे दोन्ही प्रचलित खुंट या सूत्रकृमींना बळी पडतात. जोमामुळे भोपळ्याचा वेल काही काळ तग धरतो, पण त्याच्या मुळांवर गाठी भरघोस येतात आणि पीक निघाल्यावर जमीन आधीपेक्षा अधिक बिघडलेली मागे उरते. ज्या शेतात मुळे उपटून पाहिल्यावर गाठी दिसतात, तेथे दुधीवरचे कलम लावणे म्हणजे पैसा खर्चून रोग पोसणे होय. या दोषावर उत्तर शोधताना संशोधक कलिंगडाच्याच गणातील रानटी नातेवाइकांकडे वळले. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या, घट्ट आणि बेचव गराच्या सिट्रुलस अमारस या जातीत सूत्रकृमींविरुद्धचा प्रतिकार आढळला आणि अमेरिकेच्या कृषी खात्याच्या चार्ल्सटन येथील केंद्राने तिच्यातून ‘कॅरोलिना स्ट्राँगबॅक’ हा खुंट निवडला. तो सूत्रकृमी आणि फ्युझेरियम या दोघांनाही तोंड देतो. आपल्याकडील माळरानावर वाढणारे कडू वृंदावन हेही याच गणातले, आणि त्याच्या खुंट म्हणून चाचण्या पश्चिम आशियात झाल्या आहेत.

फळाच्या प्रतीवर कलमाचा काय परिणाम होतो, यावर सर्वाधिक मतभेद आहेत आणि खरेदीदार व्यापाऱ्याच्या दृष्टीने हाच भाग निर्णायक आहे. एक गोष्ट बहुतेक सर्व अभ्यासांत सारखी दिसते : कलमी वेलाच्या फळाचा गर अधिक घट्ट आणि साल काहीशी जाड होते. लांबच्या वाहतुकीत याचे मोल मोठे. सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारपर्यंत धावणाऱ्या, देशातील शंभराव्या किसान रेलला २८ डिसेंबर २०२० रोजी हिरवा झेंडा दाखवण्यात आला, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातील फळे-भाज्यांना किती दूरचा बाजार खुला होऊ शकतो हे दिसले. अशा प्रवासात तडकणारे, गर फुटणारे फळ तोट्यात नेते आणि घट्ट गराचे फळ टिकते. गोडीच्या बाबतीत चित्र इतके सरळ नाही. रसातील विद्राव्य घटक, म्हणजे व्यवहारात ज्याला ब्रिक्स म्हणतात ते, दुधीच्या खुंटावर बहुधा टिकून राहते; भोपळ्याच्या खुंटावर काही जोड्यांत ते घटते, गरात पिवळसर पट्टे येतात, भोपळ्याची चव जाणवते किंवा मध्ये पोकळी राहते. लाल रंग देणारे लायकोपिन काही जोड्यांत वाढल्याचीही नोंद आहे.

या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी खुंटाच्या नसून व्यवस्थापनाच्या असतात, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. कलमी वेल उशिरा पिकतो. साध्या रोपाच्या हिशेबाने, फळधारणेनंतरचे ठरावीक दिवस मोजून केलेली तोडणी कलमी पिकात कच्चे फळ देते आणि दोष कलमाच्या माथी बसतो. नत्राचेही तसेच. भोपळ्याची मुळे नत्र अधिक ओढतात, म्हणून साध्या पिकाचे विद्राव्य खतांचे वेळापत्रक कलमी पिकाला तसेच चालवल्यास वेल पानांनी माजतो, फळधारणा लांबते आणि गोडी घटते. नत्राची मात्रा सुरुवातीपासूनच आवरणे आणि तोडणीआधी पाणी कमी करणे, या दोन गोष्टी प्रतीचा निम्मा प्रश्न सोडवतात, असे म्हणण्यास आधार आहे.

या सर्व विवेचनाला महाराष्ट्राच्याच अनुभवातला एक भक्कम संदर्भ आहे. द्राक्षात १९९० च्या दशकापासून सोलापूर, सांगली, नाशिक भागांतील बागायतदारांनी दुष्काळ आणि क्षार यांच्यामुळे डॉगरिज हा अमेरिकी मुळाचा खुंट मोठ्या प्रमाणात स्वीकारला. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले आणि खुंटांच्या तुलनेचे पद्धतशीर काम तेथे झाले. डॉगरिजने बागा तारल्या. पण काही जमिनींत त्यावरील वेलींत सोडियम साठणे आणि पालाशची कमतरता जाणवणे या अडचणीही दिसल्या, आणि ११० आर यांसारख्या इतर खुंटांची शिफारस पुढे आली. एका खुंटाने सर्व जमिनींचे प्रश्न सुटत नाहीत, हे या राज्याच्या बागायतदारांनी द्राक्षात प्रत्यक्ष अनुभवले आहे. कलिंगडात तो अनुभव पुन्हा पहिल्यापासून घेण्याची गरज नाही.

तंत्राच्या बाजूने पाहता कलिंगडाचे कलम आंबा किंवा द्राक्षापेक्षा नाजूक असते, कारण रोपे जेमतेम दहा-पंधरा दिवसांची असतात. छिद्र पद्धतीत खुंटाचा वाढबिंदू काढून त्या जागी बारीक सुईने तिरपे छिद्र करतात आणि टोक तासलेला कलिंगडाचा शेंडा त्यात बसवतात. यासाठी खुंटाचे बी काही दिवस आधी पेरावे लागते. एकदल पद्धतीत खुंटाचे एक बीजदल वाढबिंदूसह तिरपे कापून त्यावर तसाच कापलेला शेंडा क्लिपने जोडतात. जिभली पद्धतीत दोन्ही रोपांच्या खोडांवर उलटसुलट काप घेऊन ती एकमेकांत अडकवतात आणि जोड जुळल्यावर कलिंगडाचे मूळ कापून टाकतात. ही पद्धत सोपी पण वेळखाऊ. कोणत्याही पद्धतीत खुंटाचे किमान एक बीजदल राखावे लागते, कारण जोड भरून येईपर्यंत मुळांना अन्न तेथूनच मिळते. त्यानंतरचे पाच ते सात दिवस निर्णायक असतात : २५ ते २८ अंश तापमान, ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि पहिले एक-दोन दिवस अंधार. काप भरून काढणाऱ्या पेशींचा थर, ज्याला कॅलस म्हणतात, याच काळात तयार होतो आणि त्यातूनच दोन्ही बाजूंच्या वाहिन्या जोडल्या जातात. जानेवारीत रात्री गारठणाऱ्या आणि एप्रिलमध्ये चाळिशी ओलांडणाऱ्या केमच्या हवेत साध्या शेडनेटमध्ये ही परिस्थिती मिळणे अशक्यप्राय आहे. बंदिस्त, आर्द्रता राखणारी खोली लागते. शेतात लावताना जोड मातीच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर कलिंगडाला स्वतःची मुळे फुटतात आणि बुरशीला बंद केलेले दार पुन्हा उघडते.

रोपवाटिकेतील आणखी एक धोका खुद्द महाराष्ट्राच्या इतिहासाशी जोडलेला आहे. काकडीवरील हिरव्या ठिपक्यांचा मोझॅक विषाणू बियांतून आणि हाताच्या, ब्लेडच्या स्पर्शातून पसरतो, आणि कलमाच्या कामात तर प्रत्येक रोपाला ब्लेड लागते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये दुधीच्या खुंटाच्या बियांमार्फत याच विषाणूने कलिंगडाचे मोठे नुकसान केले, आणि तेव्हापासून खुंटाचे बी सुमारे ७० अंश कोरड्या उष्णतेत तीन दिवस ठेवण्याची प्रथा पडली. दुधीवरील त्याच विषाणूगटाचा रोग कपूर आणि वर्मा यांनी १९४८ मध्ये तत्कालीन मुंबई प्रांतातून नोंदवला होता. म्हणजे ज्या दुधीला येथे सर्वांत सहज उपलब्ध खुंट मानले जाते, तिचे स्थानिक बी कलमासाठी निर्धास्तपणे वापरता येत नाही. तसेच फुलकिड्यांमार्फत पसरणारा, शेंडे करपवणारा बड नेक्रोसिस हा विषाणूजन्य रोग महाराष्ट्रात कलिंगडाचे मोठे नुकसान करतो आणि त्यावर कोणताही खुंट उपाय ठरत नाही, कारण तो मुळांतून येतच नाही. फळमाशी आणि नागअळी यांचेही तेच.

खर्चाचा हिशेब साधा आहे. एकरी सुमारे ६,००० रोपे लावली जातात; कलमी रोप साध्यापेक्षा पाच रुपयांनी महाग पडले असे गृहीत धरल्यास एकरी ३०,००० रुपये अधिक लागतात आणि दहा रुपये किलो दराने केवळ तेवढे भरून काढण्यासाठी तीन टन जादा माल लागतो. चांगल्या प्लॉटमध्ये एकरी २० ते २५ टन निघत असताना तीन टनांची वाढ अशक्य नाही, पण दर निम्म्यावर आला तर हाच आकडा सहा टनांचा होतो. मार्च २०२० मधील टाळेबंदीत तोडणीला आलेले कलिंगड शेतातच पडून राहिले, हे या जिल्ह्यातील उत्पादक विसरलेले नाहीत. परदेशात या खर्चावर एक उतारा काढला गेला : कलमी वेल जोमदार असल्याने रोपांमधील अंतर वाढवून एकरी संख्या बरीच कमी करायची आणि प्रत्येक वेलावर अधिक फळे धरायची. त्यासाठी वेल अधिक दिवस शेतात ठेवावा लागतो. स्थानिक पद्धतीत मात्र दाट लागण, एका वेलावर एक-दोन फळे आणि एकाच तोडणीत प्लॉट मोकळा करणे, असा व्यापाऱ्याशी बांधावर होणाऱ्या सौद्याचा आग्रह असतो. कलमाचा स्वीकार होण्यासाठी या सौद्याची रीतही काहीशी बदलावी लागेल.

भाजीपाल्यात कलमी रोपांची बाजारपेठ उभी राहू शकते, याचा पुरावा छत्तीसगडात आहे : तेथे जिवाणूजन्य मर रोगाने वांगी आणि टोमॅटो घेणे अवघड झाल्यावर रानवांग्याच्या खुंटावरील रोपे शेतकऱ्यांनी विकत घेण्यास सुरुवात केली आणि रायपूर परिसरात ती मोठ्या प्रमाणात तयार होऊ लागली. रोग स्पष्ट होता, खुंट त्याच रोगाला तोंड देणारा होता आणि रोपवाटिका जवळ होती, म्हणून तेथे किंमत आड आली नाही. केमच्या आसपासही या तीन अटी तपासण्याची साधने आहेत. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि त्याचे सोलापूर येथील कोरडवाहू संशोधन केंद्र, जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रे आणि शेजारच्या बारामतीतील भाजीपाला गुणवत्ता केंद्र, ही सारी एका दिवसाच्या प्रवासात आहेत. प्रयोगाची आखणीही अवघड नाही : वारंवार कलिंगड घेऊन वेल वाळू लागलेले एक शेत आणि पहिल्यांदाच कलिंगड लागणारे एक शेत, दोन्हींत साधे रोप, दुधीवरील कलम आणि भोपळ्याच्या संकरावरील कलम शेजारी शेजारी, नत्राची मात्रा कलमी ओळींना वेगळी, तोडणीची तारीख प्रत्येक ओळीच्या पक्वतेवर, आणि पीक निघाल्यावर प्रत्येक ओळीतील मुळे उपटून गाठींची मोजणी. त्या मोजणीत दोन्ही खुंट अपयशी ठरले तर सिट्रुलस गणातील रानटी जातींची निवड येथेच, माळावरच्या कडू वृंदावनापासून आणि राजस्थानच्या वाळवंटी मतीऱ्यापासून, सुरू करावी लागेल, आणि ते काम एका हंगामाचे नसून रोपवाटिकेत एकसारखे उगवणारे, विषाणूमुक्त खुंटबियाणे तयार होईपर्यंत चालणारे आहे.